दहा दिवसांतून एकदा

"मरणार नाही असं एखादं दे गं," मी म्हटलं.

"तसलं पाहिजे तर हिंदमाताला जा काकी. प्लास्टिकचं मिळेल. धुवायचं, पुसायचं, परत ठेवायचं."

ही प्रिती. परळच्या पुलाच्या उताराला तिचं रोपांचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, भिंतीला टेकवलेल्या दोन लोखंडी मांडण्या आणि वर हिरवी जाळी. पण पोरगी हुशार. आधी गिऱ्हाइकाच्या घराच्या खिडक्या विचारते, मग झाड दाखवते. मी सांगितलं, सोळावा मजला, समोर दुसरा टॉवर, दोन टॉवरांच्या फटीतून दुपारी दोन ते चार ऊन येतं, तेवढंच. लालबागची आमची चाळ पाडून आम्हाला वर नेऊन ठेवल्यापासून माझ्या दोन तुळशी गेल्या होत्या. तिसरी आणायचा धीर होत नव्हता.

तिने माझ्यापुढे तीन कुंड्या मांडल्या. पहिलं अडेनियम. बुंधा असा, की निवृत्त माणसाचं सुटलेलं पोट. "फुलं झक्कास येतात, पण ऊन पाहिजे दिवसभर. आणि चीक विषारी, घरात नातवंडं असतील तर नको." नातवंडं नव्हती, पण ऊनही नव्हतं. दुसरं जेड, मोठ्या जाड पानांचं, दुकानाच्या गल्ल्याशेजारी ठेवतात तसलं. तिसरं बारीक पानांचं जेड. वीतभर उंच, खोड तांबूस, एका बाजूला कललेलं, कुणीतरी हाक मारली म्हणून वळून बघावं तसं. आठ वर्षांचं आहे म्हणाली. आठ वर्षं एवढ्याशा ताटलीत!

"हे घ्या काकी. आफ्रिकेत हत्ती खातात हे, तरी परत फुटतं. तुमच्या दोन तासांच्या उन्हातही तग धरेल."

"आणि पाणी?"

"दहा दिवसांतून एकदा. मातीत बोट खुपसायचं, दुसऱ्या पेरापर्यंत. कोरडं लागलं तरच घालायचं. पान सुरकुतलं तर समजायचं तहान लागलीय. पिवळं, मऊ पडून गळलं, तर पाणी जास्त झालंय." मग तिने कुंडी वर्तमानपत्रात गुंडाळता गुंडाळता सांगितलं, "हे विसरणाऱ्या माणसांचं झाड आहे. जितकं विसराल तितकं बरं."

ती सहज बोलली. तिला काय ठाऊक.

माझी आई सात वर्षं विसरत होती. सुरुवात डाळीच्या मिठापासून झाली. एकाच आमटीत तीनदा मीठ, आणि माझे वडील ती आमटी मुकाट्याने जेवायचे. शेवटी शेवटी आई मला बाई म्हणायची. "बाई, तुमचं घर कुठलं? तुम्हाला पोरं किती?" मी सांगायची, एक मुलगी, मेघना. "छान," म्हणायची, आणि पाच मिनिटांनी पुन्हा, "बाई, तुम्हाला पोरं किती?" जाऊन बारा वर्षं झाली तिला. पण मला सात वर्षांतला शेवट आठवत नाही तितकी सुरुवात आठवते. सुरू झालं तेव्हा ती पंचावन्नची होती. येत्या मार्चमध्ये मला चोपन्न पूर्ण होतील.

म्हणून मी ते झाड निवडलं. खरं कारण एवढंच होतं. मी विसरले तरी ज्याचं काही बिघडणार नाही, असं एक तरी घरात असावं.

घरी आणून खिडकीच्या कठड्यावर ठेवलं. आमचे हे, राजाराम, सोफ्यावर बातम्या बघत होते. माझगावच्या गोदीतून निवृत्त होऊन त्यांना दीड वर्ष झालं.

"याला रोज पाणी नको हं. दहा दिवसांतून एकदा. मीच घालीन."

"हं," म्हणाले. त्या 'हं'मध्ये टीव्हीचा वाटा किती आणि माझा किती, ते तीस वर्षांत मला कळलेलं नाही.

पहिलं पाणी मी सोमवारी घातलं, स्टीलच्या फुलपात्राने, मोजून एक. आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेला पेन्सिलीने बारीक ठिपका दिला. ठिपका देताना मनात म्हटलं, हे झाडासाठी आहे. खोटं होतं ते.

शुक्रवारी चार पानं गळली. पिवळी, मऊ, बोटात धरली तर पचकन फुटणारी. मी मातीत बोट खुपसलं. दुसऱ्या पेरापर्यंत जायची गरजच पडली नाही. माती ओली होती. ओली म्हणजे नुकतीच पाणी घातल्यासारखी ओली.

कॅलेंडर बघितलं. सोमवारचा ठिपका. पुढे काही नाही.

मग माती ओली कशी?

मी स्वतःला समजावलं, अगं, हिवाळा आहे, सुकत नसेल लवकर. शनिवारी पुन्हा बोट खुपसलं. कालच्यापेक्षा ओली. खालच्या ताटलीत पाणी साचलेलं. रविवारीही तेच.

आता तुम्ही म्हणाल, घरात दुसरं माणूस होतं ना, त्याला विचारायचं. साधी गोष्ट. पण आईचं पहिलं लक्षण मीठ नव्हतंच, प्रश्न होते. "मी दूध तापवलं का हो?" "मी आंघोळ केली का गं?" तेव्हा आम्ही हसायचो. पुढे हसणं बंद झालं. तेव्हापासून मी ठरवलं होतं, की 'मी अमुक केलं का?' हा प्रश्न आपल्या तोंडून कधी निघू द्यायचा नाही. आणि 'झाडाला पाणी कुणी घातलं?' हा त्याच प्रश्नाचा सख्खा भाऊ. यांना विचारलं आणि हे म्हणाले, "अगं, तूच नाही का घातलंस सकाळी?" तर? मग मी कुठे जाऊ?

म्हणून मी एकटीनेच स्वतःवर पाळत ठेवायला सुरुवात केली.

फुलपात्र लपवलं. तांदळाच्या डब्यात, खोल, कोपरापर्यंत हात घालून. म्हटलं, माझ्या हातून नकळत पाणी घातलं जात असेल, तर निदान भांडं शोधताना तरी भानावर येईन. दुसऱ्या दिवशी माती ओली, आणि फुलपात्र डब्यात जिथल्या तिथे. म्हणजे मी दुसऱ्याच कशाने तरी घालत होते! दुधाच्या पातेल्याने? ओंजळीने? सकाळी भाजी चिरताना हाताचा वास घेऊन बघितला. मातीचा वास येतोय का ते. लसणाचा येत होता.

कुंडीतल्या पांढऱ्या खड्यांवर तांबूस डाग दिसायला लागले होते. फोटो काढून प्रितीला पाठवला. 'कीड आहे का?' तिचं उत्तर आलं, 'कीड नाही वाटत. पाणी किती घालताय?' मी लिहिलं, 'दहा दिवसांतून एकदा.' तिने हसण्याचं चिन्ह पाठवलं आणि खाली, 'काकी, खरं सांगा.'

खरं काय ते मलाच ठाऊक असतं तर.

मग मी परीक्षा घ्यायला लागले. न्हाणीघरात नळ सोडून सतराचा पाढा. सतरा, चौतीस, एक्कावन्न. एकशे छत्तीसला अडखळले की पुन्हा पहिल्यापासून. मग आमच्या जुन्या मजल्यावरची बिऱ्हाडं, जिन्यापासून ओळीने बावीस. एकविसापर्यंत यायचे आणि एक कुणीतरी सुटायचं. कोण सुटलं ते दुपारी आठवायचं, गंगुबाई, आणि तेव्हा दुसरंच कुणी सुटलेलं असायचं. गॅस बंद केला का ते बघायला मी तीनदा स्वयंपाकघरात जायची. तिसऱ्यांदा गेले की वाटायचं, ही आपली तिसरी खेप आहे हे आपल्याला आठवतंय ना? आठवतंय. बरं. मग पुन्हा एकदा बघून घ्यायची.

भीती अशी असते, की ती नुसती बसून राहत नाही, घरातली कामं हातात घेते. हिंदमाताच्या एका दुकानाच्या साड्यांना मी घरी फॉल लावून देते. एका मोतिया रंगाच्या साडीला मी फॉल वरच्या काठाला लावला. दुकानात शेठने साडी उलगडली, माझ्याकडे बघितलं.

"ताई, गिऱ्हाईक डोक्यावर चालणार काय?"

नोकर हसले. मीही हसले. वीस वर्षांत साड्यांना फॉल-पिको करताना अशी चूक झाली नव्हती. बाहेर येऊन पदपथावर उभी राहिले. डावीकडे जायचं की उजवीकडे, ते मला ठाऊक होतं, पण ठाऊक आहे याची खात्री वाटेना. एका बाईला विचारलं, "लालबाग कुठल्या बाजूला?" तिने हात केला. मी ज्या बाजूला वळणार होते, तीच बाजू. तरी घरापर्यंत तेच डोक्यात घोळत राहिलं, की मी विचारलं होतं.

त्याच दुपारी एका मोठ्या इस्पितळात फोन लावला. तिथे आठवड्यातून एकदा विसरभोळ्या माणसांची ओपीडी असते. आईला तिथेच नेत असू, म्हणून नंबर पाठ होता. नंबर पाठ होता याचा आधी आनंद झाला, मग त्या आनंदाचीच लाज वाटली.

"पेशंटचं नाव?"

"सुचित्रा राजाराम परब."

"वय?"

"त्रेपन्न."

"पेशंटला घेऊन कोण येणार?"

"कुणी नाही. मीच पेशंट."

"मॅडम, बरोबर माणूस आणा. घरचं. डॉक्टर त्यांनाही विचारतात."

गुरुवारची सकाळ मिळाली. मी कॅलेंडरवर काहीच लिहिलं नाही. घरचं माणूस कोण नेणार? मेघना ठाण्याला, तिचं नवं घर, नवी नोकरी. तिला सांगितलं तर ती आधी माझ्यासाठी रडेल आणि मग, आज नाही तर वर्षाने, आरशात बघून स्वतःचं वय मोजेल. मी नाही का मोजत होते?

आणि यांना सांगायचं म्हणजे माझ्या वडिलांच्या पाटावर यांना बसवायचं. खारट आमटीसमोर.

घरात हेही जरा वेगळेच वागत होते, किंवा मला तसं वाटत होतं. मी बोलताना टीव्हीचा आवाज कमी करायचे. हे तीस वर्षांत प्रथमच घडत होतं. एकदा म्हणाले, "आज वार कुठला गं?" मी म्हटलं, "मंगळवार. का?" तर म्हणाले, "काही नाही, असंच," आणि सुटका झाल्यासारखे चहा पिऊ लागले. मनात आलं, माझ्या चेहऱ्यावर आताच दिसायला लागलं की काय?

जेडची निम्मी पानं गेली होती. खोड खालून दाबलं तर मऊ लागत होतं, पिकलेल्या केळ्यासारखं. आठ वर्षं जगलेलं झाड मी वीस दिवसांत मारत आणलं होतं, आणि मारताना मी कुठे होते ते मला आठवत नव्हतं.

बुधवारी नेहमीसारखी पावणेसातला निघाले. सकाळी दूध आणायचं, मैदानाला दोन फेऱ्या मारायच्या आणि साडेसातला घरी, हा माझा नेम. तेवढ्या वेळात हे आंघोळ करून देवपूजा उरकतात. निवृत्त झाले त्या आठवड्यात म्हणाले होते, "तीस वर्षं तू केलीस, आता मी करतो." मी आनंदाने देव त्यांच्या ताब्यात दिले.

लिफ्ट तळमजल्याला पोचली आणि कळलं, पाकीट वरच राहिलं.

झालं, म्हटलं. हेही सुरू झालं. लिफ्टच्या आरशात बाई दिसत होती ती थेट आईसारखी, तोंड अर्धवट उघडं. सोळा मजले वर जाईपर्यंत मी आकड्यांकडे बघत होते, मनात म्हणत होते, नऊनंतर दहा, दहानंतर अकरा.

लॅच उघडून आत गेले. पाकीट टेबलावर होतं. आणि खिडकीपाशी हे उभे होते. ओले केस, कमरेला पंचा, पाठ माझ्याकडे. दोन्ही हातांत ताम्हण. तोंडाने काहीतरी पुटपुटत अगदी हळूहळू, एक थेंब बाहेर सांडू न देता, ते देवांच्या आंघोळीचं पाणी माझ्या जेडमध्ये ओतत होते. आमच्या गावच्या वाटणीचे सात देव. सात देवांची आंघोळ म्हणजे पाऊण तांब्या पाणी, हळदीकुंकवासकट.

ताम्हण रिकामं झालं. मग त्यांनी बाजूचा पेला उचलला आणि त्यातलंही पाणी ओतलं.

"अहो!"

ताम्हण खाली पडलं. त्याचा आवाज बराच वेळ घरात फिरत राहिला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"हे पाणी! कधीपासून घालताय हे पाणी?"

"झाड आणलंस त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. देवाचं पाणी मोरीत कसं ओतणार? चाळीत उंबर होता. इथे आधी तुळशीत घालायचो. ती गेल्यावर खाली त्या बदामाच्या बुंध्याशी न्यायला लागलो, तर वॉचमन म्हणतो, काका, सोसायटीने मना केलंय, डास होतात. मग हे आलं. जिवंत आहे, पायदळी येत नाही. म्हटलं, बरं झालं." माझा चेहरा बघून ते थांबले. "अगं, काय झालं?"

मी भिंतीला टेकून खाली बसले. तीस वर्षं ते पाणी मीच उंबराला घातलं होतं. देव यांच्या ताब्यात दिले त्या दिवसापासून, ते पाणी आता कुठे जातं, असा विचार एकदाही माझ्या मनात आला नव्हता. खड्यांवरचे तांबूस डाग! प्रितीला मी कुंकवाचा फोटो पाठवला होता.

आधी हसू फुटलं, मग रडू, आणि मग असा राग आला की काय सांगू. "मी सांगितलं होतं! दहा दिवसांतून एकदा! आणि तो पेला? तो कुठल्या देवाचा?"

"तो देवाचा नाही," हे म्हणाले.

"मग?"

ते पंच्याचं टोक पिळत उभे राहिले. यांचं बोलणं एरवी ऑफिसातलं, स्वच्छ. पण घाबरले की आईच्या भाषेत जातात, मालवणीत. सासूबाई गेल्या तेव्हा बोलले होते तसं, त्यानंतर आजच.

"माका वाटलां," ते म्हणाले, "तू इसरतंस."

मी पडलेलं ताम्हण जवळ ओढून सरळ ठेवलं.

मग हळूहळू सगळं आलं. पानं पिवळी पडून गळायला लागली, तेव्हा यांना वाटलं झाड तहानलंय. झाडाला दहा दिवस पाणी नको, हे कोकणातल्या माणसाला पटणं कठीणच. कॅलेंडरवर बघितलं तर ठिपका एकच. म्हणजे ही पाणी घालायचं विसरतेय. मग एक दिवस भात लावायला गेले तर तांदळात हात घातल्यावर फुलपात्र लागलं. न्हाणीघरातून पाढे ऐकू यायला लागले. गॅस तीन-तीनदा बघणं चालू झालं. "तुझ्या आईचं सगळं मी बघितलंय ना," ते म्हणाले. "मला वाटलं, आलं. मग तुला कळू नये, म्हणून तुझ्या वाटणीचं पाणीही मीच घालत होतो. रोज एक पेला. झाड मेलं असतं तर तुला वाटलं असतं, की..."

"म्हणून वार विचारत होतात?"

"हो."

म्हणजे मी विसरतेय या भीतीने मी फुलपात्र लपवत होते, आणि ते लपवलेलं फुलपात्र बघून हे घाबरत होते, आणि घाबरून आणखी पाणी ओतत होते, आणि ती ओली माती बघून मी आणखी घाबरत होते. एका घरात, दोन खोल्यांत, वीस दिवस.

त्यांनी टेबलावरचं माझं पाकीट उचललं. आतल्या कप्प्यातून घडी घातलेली चिठ्ठी काढली. "आता ही नको," म्हणाले, आणि चुरगळायला लागले.

"दाखवा."

"अगं, राहू दे."

मी ती त्यांच्या हातातून काढून घेतली. त्यांच्या गोदीतल्या ठसठशीत अक्षरात माझं नाव. विंग, मजला, खोली नंबर. खाली 'या कुठे सापडल्यास कृपया कळवावे,' आणि फोन नंबर. मी हिंदमाताला गेले होते त्या दिवशीही ती माझ्या पाकिटात होती. बाजू विचारत उभी होते तेव्हाही.

मी नंबर दोनदा वाचला.

"अहो, हा नंबर चुकलाय. शेवटी त्र्याऐंशी आहे तुमचं. तुम्ही अडतीस लिहिलंय."

त्यांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. कान लाल झाले. "घाईत लिहिला."

"सापडले असते तर गेले असते कुणाकडे तरी."

"कुणाकडे गेली असतीस?"

"अडतीसवाल्याकडे. चांगला असता कदाचित. टीव्ही कमी बघणारा."

तेव्हा कुठे ते हसले, आणि हसता हसता तिथेच माझ्याशेजारी फरशीवर बसले, गुडघा दुखतो तरी. दूध आणायचं त्या दिवशी राहूनच गेलं.

दुपारी झाड प्रितीकडे नेलं. तिने ते कुंडीतून उपसलं, मुळांचा वास घेतला आणि नाक मुरडलं. "दहा दिवसांतून एकदा म्हणे!" मी सगळं सांगितलं, तर पोरगी पोट धरून हसली. मग तिने कात्रीने कुजलेला भाग कापला, कापतच गेली, आणि शेवटी वरची एक बोटभर फांदी हातात राहिली. ती चार दिवस सावलीत सुकवायची, मग वीटचुऱ्यात खोचायची. जगेल का, विचारलं. "जगेल बहुतेक. पण आठ वर्षं गेली ती गेली. आता पहिल्यापासून." देवाच्या पाण्यासाठी तिने एक नेच्याची कुंडी दिली. म्हणाली, याला कितीही घाला, सात देव काय नि सत्तर काय.

गोष्ट इथे संपली असं यांना वाटत होतं. मलाही तसंच वाटावं, अशी इच्छा होती. पण गुरुवारी सकाळी जाग आली तेव्हा भीती होती तिथेच होती. कुंडी ओली का राहते, ते कळलं होतं. गंगुबाई का सुटते, ते कळलं नव्हतं. साडीचा वरचा काठ कुणी माझ्या हातात दिला नव्हता, मीच घेतला होता. आणि आईचं पंचावन्न ते पंचावन्नच.

"माझी आज अपॉइंटमेंट आहे," मी चहा गाळता गाळता म्हटलं, आणि कुठली ते सांगितलं. "घरचं माणूस आणा म्हणालेत."

हे आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून आले.

डॉक्टर तरुण होत्या, संघमित्रा नावाच्या. माझ्या हातात कागद देऊन म्हणाल्या, घड्याळ काढा, पावणेपाच वाजलेलं. काढलं. काटे जरा वाकडे आले. पाच शब्द सांगितले, कंदील, पेरू, निळा, पोलीस, छत्री, आणि मग मला दुसऱ्याच गोष्टींत गुंतवलं. शंभरातून सात वजा करा, पुन्हा सात, पुन्हा सात. बाहेर कुणीतरी जोरजोरात खोकत होतं. पुन्हा शब्द विचारले. कंदील, पेरू, पोलीस, छत्री. आणि?

आणि?

यांच्याकडे बघायला मनाई नव्हती, पण मी बघितलं नाही. ते मागच्या खुर्चीत बसले होते आणि त्यांचा श्वास मला ऐकू येत नव्हता. टेबल पांढरं, भिंत पांढरी. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग माझी नजर माझ्याच मांडीवर गेली. साडीचा रंग तो नव्हता, तरी शब्द आला. "निळा."

डॉक्टर बाईंनी लिहून घेतलं. यांना बाहेर नेऊन काय काय विचारलं, परत आणलं. म्हणाल्या, आज तरी काळजी करण्यासारखं काही दिसत नाही. भीतीनेही माणूस विसरतो, झोप नसली की विसरतो, तुम्ही दोन्हींत आहात. आईंचा इतिहास आहे, म्हणून वर्षाने पुन्हा या. आज काही नाही म्हणजे कधीच नाही, असं मी सांगू शकणार नाही. बाई खरं बोलत होत्या. मला आवडल्या.

बाहेर व्हरांड्यात औषधांच्या खिडकीजवळ बाक होता. आम्ही तिथे बसलो. समोरच्या बाकावर एक म्हातारा आपल्या बायकोच्या पदराला पिन लावून देत होता, आणि ती त्याच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघत होती. आम्ही दोघांनीही ते बघितलं. नाही बघितलं, असं करायला जागाच नव्हती.

"अहो," मी म्हटलं. "पुढेमागे आलंच, तर लपवायचं नाही. तुम्ही माझ्यापासून नाही, मी तुमच्यापासून नाही. खारट असेल तर खारट म्हणायचं."

"बरं."

"आणि मी तेच तेच विचारायला लागले तर?"

"तर सांगेन."

"दुसऱ्यांदा विचारलं तर?"

"पहिल्यांदा विचारल्यासारखं सांगेन."

"दहाव्यांदा?"

ते विचारात पडले. खोटं बोलणं त्यांना जमत नाही, म्हणून वेळ लागतो. समोरची बाई पिन काढून टाकत होती, आणि म्हातारा ती पुन्हा लावत होता.

"दहाव्यांदा चिडेन," हे म्हणाले. "आरडाओरडा पण करीन कदाचित. मग गॅलरीत जाऊन उभा राहीन."

"टॉवरला गॅलरी नाही आपल्या."

"मग जिन्यात जाईन. आणि परत येऊन सांगेन."

मी त्यांचा हात धरला. चारचौघांत, इस्पितळाच्या व्हरांड्यात. तो गार होता, माझ्याइतकाच. खिडकीवर कुणाच्यातरी नावाचा पुकारा झाला. आमचं नव्हतं, म्हणून आम्ही बसून राहिलो.